मुकं तळं

"काडेपेट्या, विड्या, तंबाखू, जे काय असेल ते टेबलावर ठेवा. संध्याकाळी परत मिळेल," गेटवरचे तुपारे म्हणाले.

हिंदुराव पाटलांनी खिशातली काडेपेटी टेबलावर आपटली. "आन् देवीपुढं निरांजन कशानं लावायचं? फुंकून?"

"ती माझ्याकडं राहील. पूजेच्या वेळी देतो." तुपारे वनरक्षक. दर वर्षी या दिवशी तेच आमच्या माणसांबरोबर आत यायचे, त्यामुळं पाटलांच्या बोलण्याचं त्यांना काही वाटत नसे. त्यांनी यादीवरून बोट फिरवलं. "अकरा माणसं. बाई एकच लिहिलीय, सगुणाबाई. मग ही दुसरी कोण?"

"माझी लेक. इंदू," आबा म्हणाले.

"तातोबा, हिचं नाव नाही यादीत."

"माझं हाय न्हवं? ह्यो बघा." आबांनी उजवा हात पुढं केला. दिवाळीपासून तो हात थरथरायचा. चहाची बशी धरली तर निम्मा चहा धोतरावर. "ह्या हातानं आता पाकळी लागत न्हाई. ती माझा हात म्हणून आलीया. हात काय येगळा लिहित्यात?"

तुपारे हसले आणि सगुणाआत्तीच्या खाली माझं नाव लिहिलं. मग मनगटावरचं घड्याळ दाखवून म्हणाले, "पाचच्या आत सगळे गेटच्या बाहेर. त्यात बदल नाही."

सकाळचे सात वाजले होते. पौषातली पौर्णिमा, हवेत चांगलाच गारठा.

आमचं गाव हुंबरणे. सड्याच्या पलीकडं, नऊ किलोमीटर आत. राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा गाव उठलं आणि आम्हाला ट्रकांत भरून खाली उसाच्या पट्ट्यात वसाहतीत आणून ठेवलं. त्याला तेव्हा सात वर्षं झाली होती. भांडी आली, गुरं आली, घरांचे दरवाजे चौकटीसकट उपटून आणले. मानाई तेवढी तिथंच राहिली. गावदेवी म्हणजे काही कपाट नव्हे, की उचललं आणि ट्रकात टाकलं. तिला विचारावं लागतं. आणि आमच्यात देवीला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. जास्वंदीची एक पाकळी पाण्यात भिजवून तिच्या उजव्या खांद्याला चिकटवायची, एक डाव्या. गुरवानं गाऱ्हाणं घालायचं आणि सगळ्यांनी हात जोडून वाट बघायची. उजवी आधी पडली तर हो. डावी आधी पडली तर नाही.

गुरव म्हणजे माझे आबा. सहा वर्षं दर पौषात त्यांनी तेच विचारलं होतं, आई, येतीस का आमच्यासंगट? आणि सहाही वर्षं डावी पाकळी पडली होती.

वसाहतीत याचा काय त्रास होता ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. लग्नाची पहिली अक्षत कुणाला द्यायची? पोराचं जावळ कुणापुढं काढायचं? शेजारच्या गावच्या देवळात आम्हाला प्रसाद द्यायचे, नाही असं नाही. पण पालखीला खांदा द्यायला आमचा माणूस पुढं झाला की म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या पाव्हणं, आमची पोरं हाईत." सात वर्षं झाली तरी आपले पाव्हणंच! आणि बांधावर भांडण झालं की एक वाक्य तयार ठेवलेलं असायचं: देव न्हाई, धर्म न्हाई, असली ही वस्ती. आमच्यातले लोकही आबांबद्दल कुजबुजायला लागले होते. गुरवाच्याच हातून काहीतरी चुकत असणार, म्हणून देवी रुसली.

त्या वर्षी हिंदुरावांनी बैठकीत सांगून टाकलं, हा शेवटचा कौल. डावा आला तर नवी मूर्ती घडवून आणायची आणि विषय मिटवायचा. उजवा आला तर त्याच दिवशी तिला घेऊन यायचं. वनखात्याच्या ऑफिसातून तसं पत्र मिळालेलं होतं. मूर्ती आत आहे तोवर वर्षातून एक दिवस पूजेला सोडू, मूर्ती बाहेर नेली की मग आत जायचं कारण उरत नाही. म्हणजे देवी आली तर गाव कायमचं बंद. सगळे म्हणाले, चालेल. मीही म्हटलं. मी तर महिनाभर आबांच्या मागं लागले होते, की तुम्ही गाऱ्हाणंच मिळमिळीत घालता, जरा ठणकावून विचारा की तिला! आबा म्हणायचे, "देवीला ठणकवायची नसती, इंदे."

बाईमाणसानं पाकळ्या लावायच्या म्हटल्यावर दोघातिघांनी नाक मुरडलं होतं. आबांनी एवढंच उत्तर दिलं, "मानाई बी बाईमाणूसच हाय."

वाट सड्यावरून जाते. सडा म्हणजे डोंगरमाथ्याचं सपाट खडकाळ पठार, खाली जांभा दगड आणि वर मांडीइतकं वाळकं गवत. या सड्यावर तीन तळी लागतात. पहिलं म्हशीचं तळं. गाव होतं तेव्हा दुपारच्या म्हशी त्यात पडून असायच्या. आता काठच्या चिखलात गव्यांचे खूर उमटले होते, ताटल्यांएवढे.

"म्हशी गेल्या नि गवं आलं," सगुणाआत्ती म्हणाली. सत्तरीची बाई, पण अनवाणी आणि माझ्या पुढं. मानाई दारात येईपर्यंत पायात वहाण घालायची नाही असा तिचा नवस होता. सात वर्षं उसाच्या शेतात अनवाणी राबत होती. "त्यांना बरं कुणी उठवत न्हाई."

"आत्ती, पाय कापत नाहीत का गं?"

"कापत्यात की. म्हणून तर सांगते, आज नीट लाव पाकळी. मी मरायच्या आत ती आली पायजे. न्हाईतर मला वर न्यायला कोण येणार, ह्यो हिंदुराव?"

"मी कशाला येतोय? तिथं जाऊन पण तू मलाच शिव्या देशील," हिंदुराव पुढून ओरडले. सगळे हसले. आबा हसले नाहीत. ते माझ्या खांद्यावर डावा हात ठेवून चालत होते आणि तो हात वाटेला लागल्यापासून जड जड होत चालला होता.

दुसरं तळं निवळीचं. त्याचं पाणी पिण्याचं. तळ दिसेल इतकं स्वच्छ. तिथं आम्ही बसलो, भाकरी आणि भाजलेल्या मिरचीचा ठेचा खाल्ला. तुपाऱ्यांनी आपला डबा उघडला, तर त्यात पोळी आणि बटाटा. सगुणाआत्तीनं न विचारता त्यांच्या पोळीवर ठेचा ठेवला. त्यांनी खाल्ला आणि डोळे पुसत म्हणाले, "दर वर्षी हेच करता तुम्ही."

हिंदुराव आबांच्या शेजारी येऊन बसले. "तातोबा, एक इचारू? राग मानू नगंस."

"इचारा."

"तुला काय वाटतंय? यावं का तिनं?"

"मला काय वाटून उपेग हाय? तिला वाटाय पायजे."

"तसं न्हवं. लोक म्हणत्यात, गुरवाच्या मनातच न्हाई, म्हणून डावा येतोय."

मला एकदम संताप आला. "पाटील, खाली गेल्यापासून आबा ऊसतोडीला जातात. देवी आली तर पुन्हा देवळात बसतील, मान मिळेल. त्यांच्या मनात कशाला नसेल? काहीतरी बोलायचं आपलं!"

"इंदे," आबा म्हणाले, "गप."

मी भाकरीचा तुकडा मोडला. पण मनात म्हटलं, आज उजवा आला की यांच्या तोंडावर सांगेन.

तिसरं मुकं तळं. तिथं कुणी बोलायचं नाही. देवीचं तळं आहे, कौलाच्या पाकळ्या त्याच पाण्यात धुवायच्या, म्हणून माणसांनी डोक्यावरची टोपी काढून वरच्या अंगानं मुकाट पुढं जायचं आणि गुरवानं एकट्यानं पाण्यापर्यंत उतरायचं. मी लहानपणापासून असंच बघत आले होते. तळं जवळ आलं तसं सगुणाआत्तीनं माझ्या कानाशी तोंड आणलं.

"तुला म्हणून सांगते. मी लगीन करून आले तवा हितं आम्ही बाया धुणं धुवायचो. काय गलका असायचा! ह्ये गप बसायचं मागनं आलं. तुझ्या आबानं एका वर्साला येऊन सांगितलं, देवीची आज्ञा हाय, हितं कुणी आवाज करायचा न्हाई. देवीची आज्ञा म्हटल्यावर काय बोलणार?"

"कधी सांगितलं?"

"लै वर्सं झाली. तू परकर घालत हुतीस." आणि मग तिनं ओठांवर बोट ठेवलं, कारण तळं आलंच होतं.

माणसं टोप्या काढून पुढं गेली. अंजनीच्या झाडीपाशी थांबून वाट बघायची असा ठराव. आबा वाटेवरच उभे राहिले. उतार निसरडा होता आणि त्यांना एकट्याला जमणार नव्हतं. त्यांनी एकदा माणसांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि मान हलवली. मी त्यांना धरून खाली उतरले.

मला वाटलं आम्ही सरळ पाण्याशी जाऊ. पण आबा बाजूला वळले. करवंदीच्या जाळीमागं सपाट जागा होती. तिथं पांढऱ्या गारगोट्या ओळीनं मांडल्या होत्या, लांबट घेऱ्यात, दोन-अडीच हात लांब. आबा खाली बसले आणि त्यातलं वाळकं गवत उपटायला लागले. थरथरत्या हातानं, एकेक काडी.

"आबा, हे काय आहे?"

"हळू बोल."

"कुणी ऐकत नाही. सगळे पुढं गेले."

"तसं न्हवं," आबा म्हणाले. "शिदू हाय हितं."

शिदू माझा भाऊ. मी सात वर्षांची होते तेव्हा तो चारचा होता. पावसाळ्यात त्याला ताप आला, ओढ्याला पूर होता, खाली डॉक्टरकडं जाताच आलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. आबांनी त्याला घोंगडीत गुंडाळून एकट्यानं नेलं. पोरांना जाळत नाहीत, पुरतात, एवढं मला कळत होतं. कुठं पुरलं ते आबांनी कुणालाच सांगितलं नाही. आईलाही नाही. आई महिनाभर विचारत होती. मग तिनं विचारायचं सोडलं, आणि पुढं बोलायचंही जवळजवळ सोडलंच.

"आईला का नाही सांगितलं?"

"ती हितं येऊन बसली असती. उठलीच नसती. मग तुझ्याकडं कुणी बघितलं असतं?"

सगुणाआत्ती म्हणाली होती ते मला तेव्हा कळलं. देवीची आज्ञा वगैरे काही नव्हतं. पोरगं झोपलंय, म्हणून आबांनी अख्ख्या गावाला इथं गप्प केलं होतं. मला रडू आलं. मी तोंडात पदर कोंबला.

आबांनी पानात बांधून आणलेली फुलं माझ्याकडं दिली. "आता नीट ऐक. उजवी पाकळी चिंब भिजवायची नि दाबून लावायची. डावी नुसती टेकवायची."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. "पण मग डावी लवकर सुकणार. तीच आधी पडणार."

"व्हय."

"सहा वर्षं तुम्ही असंच..."

आबांनी हात पुढं केला. एक गारगोटी सरकली होती ती सरळ केली.

रडू कुठल्या कुठं पळालं. मला इतका राग आला की हातातली फुलं चुरगळतील म्हणून मी ती खाली ठेवली. "आबा, लोक अनवाणी चालतायत तिच्यासाठी! सगुणाआत्तीचे पाय बघा जाऊन. मी पाटलांना तोंड वर करून बोलले तुमच्यासाठी, मघाशी. गाव म्हणतंय देवी रुसलीय!"

"हळू, बाळा. देवी कुठं रुसलीया? मीच धरून ठेवलीया तिला." त्यांचा आवाज अगदी साधा होता, पेरणीबद्दल बोलावं तसा. "तिला नेली की गेट बंद. मग हितं कोण येणार? गवत वाढंल, गवं येतील, दगड हिकडं तिकडं हुतील. मी वर्साला एक दीस मागतो, इंदे. एकच. पाटील नवी मूर्ती आणतोय न्हवं? आणू दे. लोकांचं भागंल. मानाई हितं ऱ्हाईल नि मला हात धरून आणायला तू हाईस."

मी फुलं उचलली. तांब्या घेऊन पाण्याशी गेले, पाकळ्या धुतल्या, तांब्या भरला. पाण्यात तोंड दिसत होतं, ते रागावलेलंच होतं. आबांना उठवून वर आणलं. अंजनीखाली सगळे टोप्या हातात घेऊन उभे होते. हिंदुरावांनी डोळ्यांनीच विचारलं, झालं? मी मान हलवली.

गाव आता गाव नव्हतं. जोती उरली होती, त्यांवर कारवी माजलेली. माणसं आपापल्या जोत्यापाशी क्षणभर थांबायची आणि पुढं सरकायची. देवळाचं छप्परही खाली आलं होतं. मधोमध मानाई, काळ्या दगडाचा वीतभर तांदळा, नाक ना डोळे, दोन्ही बाजूंना खांद्यासारखा उतार. माणसांनी जागा झाडली, तिला अंघोळ घातली, शेंदूर लावला. तुपाऱ्यांनी काडेपेटी दिली आणि निरांजन लागलं.

"लाव," आबा म्हणाले.

सगळ्यांचे हात जोडलेले. सगुणाआत्ती अगदी पुढं बसली होती, तिच्या टाचा माझ्याकडं होत्या. भेगांत लाल माती भरलेली, एका भेगेत रक्त. मी तांब्यात दोन पाकळ्या सोडल्या. उजवी जास्त आणि डावी कमी असं मनात म्हणत होते, शप्पथ सांगते, म्हणत होते. आबांचा शब्द मोडायचा माझा विचार नव्हता. पण हात तांब्यातून बाहेर आला तो दोन्ही पाकळ्या घेऊन, दोन्ही सारख्याच भिजलेल्या. दोन अंगठ्यांनी मी त्या एकदम लावल्या, सारख्याच दाबून. मी काय पाप केलं असेल ते एवढंच, की मी लबाडी केली नाही.

आबांनी बघितलं. त्यांना बघायला लागतच नव्हतं, सगळा जन्म त्यात गेलेला. त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं. "आई मानाई, तुझी लेकरं तुझ्या पायाशी आल्याती. सात वर्सं झाली, तू हितं, आमी तितं..." एवढं झालं आणि ते थांबले. कुणीतरी खाकरलं. मग आबा परत बोलले, मिळमिळीत नाही, मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात. "तुला यायाचं आसंल तर ये. मी आता मधी न्हाई. तुझं तू बघ."

असलं गाऱ्हाणं कुणी ऐकलेलं नव्हतं. लोक एकमेकांकडं बघायला लागले.

मग वाट बघणं. एक माशी आली, शेंदरावर बसली, उडाली. डाव्या पाकळीची कड सुटली. ती कड तशीच लोंबत राहिली. आणि उजवी पाकळी, कुठंही न सुटता, अख्खीच्या अख्खी खाली आली.

कुणी आवाज केला नाही. कारण गुरवानं तोंडानं म्हटल्याशिवाय आमच्यात कौल धरत नाहीत. वारं लागलं, माशी बसली, परत लावा, असं म्हणायचा गुरवाला अधिकार असतो. मी आबांकडं बघितलं. आबा पाकळीकडं बघत होते. त्यांनी ती थरथरत्या हातानं उचलली, दोनदा खाली पडली, तिसऱ्यांदा कपाळाला लावली.

"उजवा," ते म्हणाले. "उजवा दिला आईनं."

"मानाईच्या नावानं चांगभलं!" हिंदुरावांचा आवाज डोंगरावर आपटून परत आला. सगुणाआत्ती तिथंच जमिनीवर डोकं टेकून हुंदके द्यायला लागली. हिंदुराव येऊन आबांच्या पाया पडले, म्हणाले, "तातोबा, मी वंगाळ बोललो." आबांनी त्यांना उठवलं. मला मात्र कुणाच्याच तोंडावर काही सांगावंसं वाटलं नाही.

देवी एकदा उचलली की नव्या जागी बसेपर्यंत भुईला टेकवायची नाही, आणि ती गुरवानंच न्यायची. आबांच्या डोक्यावर चुंबळ ठेवली, त्यावर मानाई. मी मागून एका हातानं त्यांचा उजवा हात दगडावर धरून ठेवला होता. दीड वाजला होता. तुपारे म्हणाले, "सावकाश चला. पण चला."

जरा वेळानं आबांनी विचारलं, "दोनी सारख्या भिजवल्यास?"

"हो."

"एक बी कमी न्हाई?"

"नाही आबा."

"मंग तिनंच ठरवलं." थोडं चालल्यावर म्हणाले, "सहा वर्सं मी तिला बोलूच दिलं न्हाई बघ."

मला वाटलं होतं ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

मुकं तळं आलं. माणसांनी टोप्या काढल्या, बोलणं थांबलं. आबांची चाल मंदावली आणि करवंदीच्या जाळीसमोर ते उभेच राहिले. डोक्यावर देवी. खाली ठेवता येत नव्हती, बोलता येत नव्हतं, उतारावरून तिला घेऊन खाली जाता येत नव्हतं. पुढं पाऊलही पडत नव्हतं. पुन्हा इथं यायचं नाही म्हणजे काय, हे बारा जणांत आम्हा दोघांनाच माहीत होतं आणि तिसरा खाली झोपला होता.

मी समोर जाऊन दोन्ही हात पुढं केले.

हिंदुरावांनी घाईनं मान हलवली, नको, बाईमाणसाच्या हातात नको. तोंडानं मात्र त्यांना काही म्हणता आलं नाही, कारण तळं मुकं होतं. आबांनी वाकून मानाई माझ्या हातात दिली आणि बसत, घसरत, एकटे खाली उतरले.

आता मी पिठाची गिरणी चालवते. पंधरा किलोचा डबा उचलायची मला सवय आहे. पण त्या दिवशी तो दगड छातीशी धरून मी उभी होते तेव्हा एका वेळेनंतर दंडात गोळे यायला लागले. किती वेळ गेला सांगता येत नाही. तुपाऱ्यांनी घड्याळ बघितलं, मग टोपी काढली आणि पुन्हा घड्याळ बघितलं नाही. खालून आबांचा आवाज यायला लागला. शब्द कळत नव्हते. लहान पोराला उठवताना बोलतात तसं काहीतरी. ज्या माणसानं गावाला तिथं गप्प केलं, तोच बोलत होता, आणि कुणी हललं नाही. सगुणाआत्ती ऐकत होती. तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या डोळ्यांकडं, आणि काय समजायचं ते समजली. पुढं आली आणि तिनं आपले दोन्ही हात खालून मानाईला लावले.

आबा वर आले तेव्हा उपरण्याच्या टोकाला गाठ होती. त्यांनी मानाई परत डोक्यावर घेतली.

गेटवर तुपाऱ्यांनी काडेपेट्या वाटल्या. आतली काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही असा नियम. त्यांनी गाठीकडं बोट केलं. "तातोबा, त्यात काय?"

"खडा हाय साहेब. एकच."

तुपारे आबांच्या तोंडाकडं बघत राहिले. मग वहीत लिहिता लिहिता म्हणाले, "देवीचं सामान," आणि फाटक लावून घेतलं. पावणेपाच झाले होते.

दुसऱ्या दिवशी वसाहतीच्या मधल्या चौकात मानाई बसली. ती बसायच्या आधी खड्ड्यात आबांनी हात घातला आणि ती गारगोटी तळाशी ठेवली. लोकांना वाटलं काहीतरी विधी असेल. सगुणाआत्तीनं त्या संध्याकाळी वहाण घेतली आणि दोन दिवसांत अंगठा कापला म्हणून टाकून दिली.

आबांनी आईला काय सांगितलं मला माहीत नाही. मी विचारलं नाही. पण पुढची बारा वर्षं, जाईपर्यंत, आई रोज सकाळी देऊळ झाडायची आणि मानाईच्या पायाशी भाकरीचा तुकडा ठेवायची, वर गुळाचा खडा. देवीला कुणी गूळभाकरीचा नैवेद्य दाखवत नाही. शिदूला आवडायची.

आबाही गेले. देवीला गुरव हवा म्हणून मी नवरा घरजावई आणला. तो पूजा करतो, पण कौल माझ्याच हातचा लागतो, आता कुणी नाक मुरडत नाही. आणि आता कमिटी म्हणते, जीर्णोद्धार करायचा. हिंदुरावांचा थोरला अध्यक्ष आहे. परवा गिरणीत येऊन बसला, मोबाइलवर चित्र दाखवलं. ग्रॅनाइट, कळस, पायऱ्यांना रेलिंग. म्हणाला, "इंदूआत्या, देवी जरा उचलून बाजूला ठेवू, खालचा पाया पार खणून काढू, नवा भरू. तेवढा कौल लावून द्या. तिचं काय नाही म्हणणं असणार?"

"नसेल," मी म्हटलं. "विचारून बघू."

कौल रविवारी आहे. उजवी पाकळी मी चिंब भिजवणार आहे. डावी नुसती टेकवणार.